काचेच्या नळीतलं पाणी

जव्हारच्या एसटी डेपोमागे हेमंतची भाड्याची खोली आहे. पुढच्या भागात दाखल्यांचे अर्ज भरून द्यायचं दुकान, मागे संसार. संसार म्हणजे एक खाट, एक शेगडी आणि एक कॉम्प्युटर. कोणी कोंबड्या पाळतं, कोणी कबुतरं. हेमंतनं कॉम्प्युटर पाळला होता, आणि तोही पाण्यावर जगणारा.

कॉम्प्युटर तापतो म्हणून बाकीचे लोक पंखा लावून मोकळे होतात. हेमंतला पंख्याची घरघर खपत नसे. त्यानं तांब्याच्या नळ्या स्वतः वाकवल्या, छोटा पंप बसवला आणि बाजूला काचेची एक जाड उभी नळी लावली. तिच्यातलं पाणी आतल्या तापलेल्या भागांवरून फिरून पुन्हा तिच्यातच यायचं. सांध्यांखाली कागद पसरून त्यानं दिवसभर नुसता पंप चालवला. कागद कोरडा राहिला. एवढा आनंद कोणाला सांगावा असं माणूस जवळ नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःलाच आलं घालून चहा पाजला.

नळ्यांतली हवा निघाली तशी पातळी खाली आली. भर घालायला बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी हवं, आणि नेमकं तेच संपलेलं. कोरडा फिरला तर पंप जळणार. कोपऱ्यात आईनं साखरशेतहून जीपवाल्याबरोबर पाठवलेला कॅन होता. जव्हारच्या नळाचं पाणी पोराला बाधतं, असं आईचं, काळीबाईचं, ठाम मत. म्हणून ती गावच्या झऱ्याचं पाणी पाठवायची. असलं पाणी यंत्रात कधी घालू नये, आतून थर धरतो, हे हेमंतला तोंडपाठ होतं. तरी तात्पुरतं म्हणून त्यानं ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी चांगली दोन बोटं उतरली. कागद कोरडाच. संध्याकाळी पाणी आपसूक पुन्हा वर आलं. त्यानं काचेवर पेनानं रेघ मारली. रोज तोच प्रकार. शिवाय यंत्र खोलीहून गार. बंद नळ्यांत फिरणाऱ्या पाण्यानं थंड होणारी वस्तू भोवतालच्या हवेहून गार होऊ शकत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मे महिन्यात पत्र्याखाली अंग भाजत होतं आणि नळीला हात लावला तर ओढ्यातल्या दगडासारखी गार लागायची. हेमंतनं तापमान मोजायचा सेन्सर बदलला. नवाही तेच सांगू लागला.

साखरशेतला झऱ्याच्या वरच्या टेकाडावर तेवढी रेंज मिळते, म्हणून आईचा फोन तिथूनच यायचा. झरा म्हणजे पुरुषभर खोल खड्डा. आत उतरून वाटीवाटीनं हंडा भरायचा. सकाळी बाया भरून गेल्या की तो रिता होतो आणि दिवसभर पाझरून संध्याकाळी थोडा भरतो. आता तेवढंही येत नाही, आई सांगत होती. हेमंत हं हं करत नळीकडे बघत होता. त्या संध्याकाळी नळीतलं पाणीही रेघेपर्यंत चढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बॅटरीवाल्याकडे माल आला. हेमंतनं नळी काठोकाठ भरली. संध्याकाळी फोनवर आईच्या आवाजात हसू होतं. झऱ्याला पाणी आलं होतं. बायांनी दोन-दोन खेपा केल्या आणि योगितानं, हेमंतच्या पुतणीनं, कितीतरी दिवसांनी डोक्यावरून आंघोळ केली.

योगायोग, असं हेमंतनं स्वतःला बजावलं. आणि रोज सकाळी गुपचूप भर घालू लागला. त्या दिवसांत तो खरोखर सुखी होता. अर्ज भरतानाही गुणगुणायचा. हौसेनं त्यानं एका शनिवारी नळीच्या तळाशी निळा दिवाही बसवला.

त्या दिव्याच्या उजेडातच आतला हिरवा तंतू दिसला.

शेवाळ. आतल्या बारीक खाचा बुजल्या की एवढ्या मेहनतीचं यंत्र गेलंच. सगळं पाणी काढून धुण्याशिवाय इलाज नव्हता. पण पाणी काढलं तर तिकडे झऱ्याचं काय? हा प्रश्न मनात आला आणि हेमंतला स्वतःचंच हसू आलं. पुरावा जोडल्याशिवाय अर्ज न घेणारा माणूस तो. तरी रात्रभर त्याला नीट झोप लागली नाही.

रविवारी सकाळी त्यानं यंत्र बंद केलं. निळा दिवा तेवढा चालू ठेवला. खाली परात सरकवली आणि तळाच्या तोटीवर बोटं ठेवली.

नळीतलं पाणी हललं.

पंप बंद होता. तरी एक गोल तरंग काचेपर्यंत गेला. पातळी पेरभर उतरली, थांबली, पुन्हा पेरभर उतरली.

फोन वाजला. आईचा होता.

"थांब रे जरा," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "योगिता आत उतरलीय. हंडा भरू दे तिचा."

हेमंतची बोटं तोटीवरून आपोआप निघाली. यंत्राबद्दल त्यानं घरी कधी चकार शब्द काढला नव्हता.

पलीकडे वाटी दगडावर घासली. इथं पाणी पेरभर उतरलं.

"आणि तो निळा दिवा बारीक कर," आई म्हणाली. "पोरीच्या डोळ्यांवर येतो."