येतो म्हणावं

नळाला पाणी आलं की जैनबबाई आधी माठ भरून घेत आणि मग चहाचं आधण ठेवत. देवपुरातली त्यांची गल्ली त्या वेळी नुकती जागी होत असे. समोरच्या ओट्यावर कुणी दात घासत बसलेलं असे, शेजारच्या तव्यावर कळण्याची भाकरी फुगत असे. गल्लीला एकच तोंड होतं. तिथे एका बाजूला कडुनिंब आणि दुसऱ्या बाजूला विजेचा खांब होता, आणि त्यांच्यामधून पांझरेच्या पुलाकडे जाणारा रस्ता दिसे.

चहा होईपर्यंत वरच्या खोलीतला बासिल खाली येई. तो पॅलेस्टाइनमधल्या अल-खलीलचा. धुळ्यात औषधनिर्माणशास्त्र शिकत होता. बाईंनी जन्मभर जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे भाडेकरूलाही त्यांनी मराठी शिकवायला घेतलं. पहिला धडा उंबरठ्यावरच झाला. तो "जातो" म्हणाला आणि बाईंनी त्याला परत आत बोलावलं.

"घरातून निघताना जातो म्हणू नये. येतो म्हणावं."

"पण मी तर जातोय, बाई."

"परत यायचंय ना? म्हणून."

त्याला ते फार आवडलं. तेव्हापासून तो रोज "येतो, बाई" म्हणून निघे आणि कडुनिंबापाशी थांबे. खिशातलं ओळखपत्र काढून समोर धरी, सदऱ्याची कड उचलून कंबर दाखवी, स्वतःभोवती सावकाश फिरे आणि मग पुढे चालू लागे. बाईंनी कारण विचारलं तेव्हा तो ओशाळला. त्याच्या घरापासून शाळेच्या वाटेवर लष्कराची चौकी होती, लहानपणापासून ती रोज ओलांडावी लागे. अंगवळणी पडलं, म्हणाला.

भाजीवाल्या अभिमनला बासिलच्या नावाचा खेळच सापडला. "ताजी भाजी मनी, बासी भाऊ तुमना," असं तो बाईंना ऐकवी, आणि बासी म्हणजे शिळा, हा विनोद बासिललाही आता कळू लागला होता.

हिवाळ्यात ते थांबणं लांबत गेलं. एके दिवशी बासिल भर थंडीत घामाघूम होऊन परत आला. आज बंद आहे, एवढंच म्हणाला. बाईंनी खिडकीतून पाहिलं. रस्ता मोकळा होता. फक्त गल्लीतली कुत्री खांबाजवळ आली की भिंतीला अंग घासत, शेपूट पोटाशी धरून जात होती.

शेजारीही तिथे थबकू लागले. विचारलं तर कुणी कबूल करत नसे.

मग बाहेर पडताना अभिमनची हातगाडी तिथेच अडली. चाकाखाली खडासुद्धा नव्हता. "आज बी बंद शे का, बासीभाऊ?" त्याने हसत विचारलं, पण हसू ओठांवर टिकलं नाही. ढकलून ढकलून तो वैतागला आणि पुटपुटला, "मी जास भो." जातो म्हणताच गाडी आपसूक बाहेर गेली. त्यानंतर तो गल्लीत आला नाही. गाडी रस्त्यापलीकडे लावी आणि गल्लीकडे पाठ करून भाज्यांची नावं ओरडे. आत का येत नाहीस, असं बाईंनी एकदा लांबून विचारलं, तर ऐकू न आल्यासारखं करून मेथीवर पाणी शिंपडत राहिला.

बासिलच्या तोंडी परीक्षेचा दिवस आला. व्हिसाची मुदत संपत आली होती, ती परीक्षा हुकली असती तर सगळी वर्षं पाण्यात गेली असती. परीक्षा झाली की त्याच रात्री तो घरी निघणार होता, आईकडे. बॅग भरून खोलीत ठेवलेली होती. बाई त्याच्यासोबत कडुनिंबापर्यंत गेल्या.

तिथे त्यांचे पाय थांबले. त्यांनी थांबवले नव्हते.

गार लोखंडाचा वास आला. कुणीतरी खूप जवळून, कंटाळून श्वास सोडला. त्याला पुदिन्याच्या गोळीचा वास होता.

"येतो," बासिल हवेला म्हणाला.

काही झालं नाही.

"येतो," तो पुन्हा म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

बाईंना अभिमनची गाडी आठवली. त्या पाठमोऱ्या हाका आठवल्या.

"जातो म्हण."

"बाई, तुम्हीच तर..."

"म्हण."

तो म्हणाला. कट्ट असा आवाज झाला, आणि बासिल रस्त्यावर होता.

दिवेलागणीला तो परत आला. परीक्षा चांगली झाली होती. तो कडुनिंबापलीकडे उभा होता आणि आत येत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, उलट ओळखीचं काहीतरी दिसल्यासारखा तो शांत होता.

"सकाळी जातो म्हणालो होतो ना, बाई."

पासपोर्ट बॅगेत होता. बाईंची सून तबस्सुम जिना हळूहळू उतरत बॅग घेऊन आली. तिला दिवस भरत आले होते, आणि बाईंचा मुलगा रमीज कामासाठी पाचोऱ्याला होता. बाईंनी बॅग रस्त्याकडे फेकण्यासाठी उचलली, तसा बासिलने हात वर केला.

"सामान एकटं सोडत नाहीत. माणूस लागतो."

"मी देऊन येते, अम्मी," तबस्सुम म्हणाली.

बाईंनी तिच्या पोटाकडे पाहिलं. मग बॅग घेऊन त्या घरात गेल्या. गॅस बंद आहे का ते पाहिलं, माठावरचं झाकण नीट केलं, चष्म्याचं घर आणि शाल घेतली. रमीजला फोन लावून, उद्या पहिल्या गाडीने घरी ये, एवढंच सांगितलं. तबस्सुम मागोमाग उंबरठ्यापर्यंत आली.

"भाकरी झाकून ठेव," बाई म्हणाल्या. "जाते मी."

"या," तबस्सुम सवयीने म्हणाली. अम्मी बोलताना चुकल्या, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला हसू आलं. त्या परतल्यावर चिडवायचं ठरवून ती दारात उभी राहिली.

कडुनिंबापाशी कट्ट असा आवाज झाला.