पोटातली कुजबूज

इन्सुलिनची सुई गेली तेव्हा तिच्यासाठी कोणीही डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आता वर्ध्यातले मधुमेही सकाळी डबीभर दही खात. त्यातले मुद्दाम घडवलेले जिवाणू आतड्यात वस्ती करत आणि इन्सुलिन बनवत. अवधूतराव बोरकुटेही ते खात, आणि हेमलताबाई नवऱ्याला धाकात ठेवून दर महिन्याला तपासणीला आणत.

डॉ. नाझनीन शेख यांनी अवधूतरावांच्या लाळेत भिजवलेली काडी कुजबूजमापकात खोचली. काटा पार टोकाला गेला.

"काका, तुमच्या आत नुसता गोंगाट चाललाय."

"कोणाचा?" हेमलताबाईंनी विचारलं.

"जिवाणूंचा. प्रत्येक जिवाणू एक रसायन सोडतो, मी इथं आहे एवढंच सांगणारं. ते दाटलं की आपण पुरेसे जमलो हे त्यांना कळतं, आणि सगळे एकदम इन्सुलिन सोडतात. त्यांना साखर कळत नाही, काकू, फक्त गर्दी कळते; गर्दी वाढली की रक्तातली साखर पार उतरते. म्हणून तर मोजून डब्या देतो. रोज एकच डबी देता ना?"

"डब्या कशाले?" हेमलताबाई कौतुकाने म्हणाल्या. "पहिल्या डबीतलं चमचाभर घेतलं अन् घरच्या दुधाले विरजण लावलं. विरजण काय कोणी फेकून देते?"

डॉक्टरांनी दुसरी काडी हेमलताबाईंच्या जिभेवर ठेवली. त्यांना मधुमेह नव्हता, तरी काटा चढला. परवा आलेली भोवळ त्यांनी उपासाच्या माथी मारली होती.

"आणखी कोणाला दिलंत?"

"शेजारी दिलं. अन् यवतमाळले, लेकीकडे. नातवाले नुकताच दहीभात सुरू केला तिनं."

नाझनीन यांनी टेबलावरचा फोन त्यांच्यापुढे सरकवला. "मोठ्या पोटात गर्दी जमायला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा पोटात थोडेही पुरतात. फोन लावा. आधी बाळाच्या हिरड्यांना साखर चोळायची आणि तसंच उचलून दवाखाना गाठायचा."

लेकीने फोन उचलला. मायलेकी रोज बोलत, पण आज ती दबक्या आवाजात बोलत होती.

"हळू बोल नं, आई. दहीभात खाऊन झोपला आहे. इतका शहाण्यासारखा कधी झोपत नाही तो."

"मृण्मयी, उठव त्याले."

"झोपू दे नं. मघाशी दुपटं बदलताना चांगला हलवला, तरी जागा नाही झाला."