खोक्यातला श्वास

नेटवर्किंगच्या मेळाव्यात लोक एकमेकांना भेटायला येतात म्हणे. खरं तर तिथे प्रत्येकजण समोरच्याच्या खांद्यावरून तिसऱ्याच कुणाकडे तरी बघत असतो. हॉटेलातला खालचा हॉल, पाय रुतेल असा गालिचा, कोमट कॉफी, गळ्यात अडकवलेली नावाची पट्टी. एका रांगेत दाराखिडक्यांना लावायचे सेन्सर, दुसऱ्या रांगेत वायफायचे राउटर, आणि मधल्या वाटेवर हसऱ्या चेहऱ्यांनी चाललेली व्हिजिटिंग कार्डांची देवाणघेवाण. या गर्दीत माणसं खरोखर थांबायची ती एकाच स्टॉलपुढे, ताईच्या.

बाजारात सगळेच तिला ताई म्हणत. सख्खा भाऊ मात्र एकच, धाकटा. तो स्टॉलवर कधी दिसायचा नाही, कारण तो खोक्यात असायचा.

खोकं म्हणजे प्लायवूडचं, कपाटाएवढं, पांढरा रंग दिलेलं, खाली चाकं, एका अंगाला दार. आत एक स्टूल. ताईच्या कंपनीचं यंत्र साध्या वायफायच्या लहरींवर चालायचं. लहरी भिंतीतून आत जातात, आतल्या माणसाची छाती हलली की त्याही किंचित हलतात आणि बाहेरच्या पडद्यावर एक हिरवी रेष वरखाली होते. बंद गोदामात, बंद ट्रकमध्ये कुणी लपलंय का, हे दार न उघडता कळतं. पण तोंडानं सांगून कुणाला पटणार? म्हणून धाकटा आत बसे. ताई माइकवर म्हणे, "श्वास धर." रेष सपाट होई. लोक माना पुढे काढून बघत. मग "सोड," आणि रेष उसळून वर येई. टाळ्या.

"माझं ऑफिस," धाकटा खोक्याला म्हणायचा. "एसी नाही, पण बॉसपण नाही."

त्याच्या रेषेला एक खोड होती. दोन लांब श्वास, मग एक अडखळलेला, उचकीसारखा. लहानपणापासूनचा दमा. दोघं एका खोलीत झोपायची तेव्हा आईनं ताईला कामच लावून दिलं होतं: त्याच्या श्वासाकडे कान देऊन पडायचं, आणि आवाज थांबला की त्याला हलवून उठवायचं. ताई झोप अनावर झाली तरी ऐकत राहायची. यंत्राची कल्पना तिथूनच सुचली, असं ती भाषणात सांगायची आणि सांगताना तिचे डोळे भरायचे. त्यात खोटं काही नव्हतं. भावावर तिचा जीव होताच. पण टाळ्या वाढाव्यात म्हणून दर मेळाव्यात "सोड" म्हणायला ती आणखी जरा उशीर करू लागली होती, हेही तितकंच खरं. धाकटा बाहेर यायचा तो ओठ निळसर, कपाळ घामेजलेलं, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "जमलं ना गं ताई?"

एका मेळाव्यानंतर तो घरी जाऊन आडवा झाला तो उठेचना. भावजयीचा फोन आला.

"डॉक्टर म्हणालेत, श्वासाशी खेळ आता बंद. ते यायचे नाहीत, ताई."

"अगं, नुसतं स्टुलावर तर बसायचंय."

"मग तुम्हीच बसा ना."

ताईला ते चांगलंच झोंबलं. कालची आलेली पोरगी मला शिकवते, असं म्हणून तिनं फोन ठेवला. पण पंचाईत खरी होती. वर्षभर लोक टाळ्या वाजवत होते, माल कुणी उचलत नव्हतं. मोठं गिऱ्हाईक लवकर गळाला लागलं नाही, तर कंपनीचं शटर खाली ओढायची वेळ येणार होती.

पुढच्या मेळाव्यात तिनं हॉटेलच्या इलेक्ट्रिशियनला खोक्यात बसायला राजी केलं. हो म्हणाला आणि ऐन वेळी गायब. ताई त्याला शोधून, घामाघूम होऊन परत आली तर लॅपटॉपशी बसलेली प्रोग्रामर मुलगी म्हणाली, "बसलेत ते. लाइन आली."

पडद्यावर हिरवी रेष हलत होती. दोन लांब, एक अडखळलेला.

ताईनं दार उघडलं. स्टूल रिकामं. आत रंगाचा वास आणि थोडा उबारा, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा. तिनं दार लावलं. रेष हलतच होती.

"जुनं रेकॉर्डिंग लागलंय तुझं," ती मुलीवर खेकसली.

"रेकॉर्डिंग ठेवतच नाही आपण." मुलीनं तरी सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. राउटर बदलला. दोघींनी खोकं ढकलत भिंतीपासून लांब नेलं, पलीकडच्या स्टॉलचा माणूस कडेला उभा केला. काही फरक पडला नाही. दोन लांब, एक अडखळलेला.

तेवढ्यात लोक जमले. ताईनं माइक हातात घेतला. दुसरं करणार तरी काय?

"श्वास धर."

रेष सपाट झाली. "सोड" म्हणताच उसळली. टाळ्या नेहमीपेक्षा जोरात पडल्या, कारण खोक्यातून कुणी कुरकुरत नव्हतं, खोकत नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला, असं ताईच्या मनात आलं आणि तिला स्वतःशीच हसू फुटलं.

संध्याकाळी भावजयीनं सांगितलं, दुपारी धाकट्याचा श्वास एकदम अडला होता. निळा पडला, मग आपोआप सुटला. कधी, ते ताईनं विचारलं नाही. तिनं म्हटलं, "जप गं त्याला."

पण मन म्हणजे काही लॅपटॉप नव्हे, झाकण मिटलं की गप्प बसायला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर, तिनं खोक्याशेजारी उभं राहून धाकट्याला फोन लावला. पडद्यावर रेष चालू होती. फोनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. दोन्ही एकदमच अडखळत होते.

"काय गं ताई, आज बरा वेळ मिळाला," धाकटा म्हणाला. आवाज खोल गेलेला, पण थट्टेची सवय गेलेली नव्हती. "माझ्या ऑफिसात कोण बसतं आता? त्याला सांग, स्टुलाचा एक पाय लंगडा—"

ताईनं फोन तोंडापासून लांब धरला आणि खोक्याच्या प्लायवूडला ओठ लावून, अगदी हळू, म्हणाली, "धर."

फोनमधला आवाज शब्दाच्या मधोमध तुटला. रेष सपाट झाली.

"सोड. सोड!"

फोनमध्ये धाप लागल्याचा आवाज आला. बराच वेळ नुसती धाप. मग धाकट्यानं विचारलं, "ताई, तू आत्ता काही म्हणालीस का?"

"नाही रे."

"मला वाटलं, कुणीतरी कानाशी बोललं."

त्या दुपारी ताई खोक्यापुढे बसून रडली. हातोडा आणावा, फळ्या सुट्या कराव्यात, असं तिच्या मनात खरंच आलं. पण हातोडा ऑफिसात नव्हता, आणि आणायला पाठवावं तर प्रोग्रामरला कारण काय सांगायचं? मग हळूहळू तिला सुचायला लागलं. माणसाला हवं ते सुचायला वेळ लागत नाही. पूर्वीही तो हेच करत होता की. तेव्हा खोक्यात कोंडून घेऊन करायचा, आता घरी गादीवर पडून. आपण एवढंच पाहायचं की, धरायला लावायचं ते क्षणभर, आणि लगेच सोडायचं. एकदा गिऱ्हाईक मिळालं की खोकं जाळून टाकायचं.

प्रोग्रामर मुलगी मात्र एकदा म्हणाली, "ताई, हे बंद करू या ना. मला भीती वाटते."

"तू लॅपटॉपकडे बघ. बाकीचं मी बघते."

त्यानंतर मुलगी फक्त सांगितलेलं काम नीट करू लागली.

गिऱ्हाईक आलं ते पुढच्याच मेळाव्यात. बंदरांना आणि तुरुंगांना सुरक्षेची यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीचे मोठे साहेब. वयस्कर, आवाज मऊ, कोपर धरून बोलायची सवय. त्यांनी हॉलमधल्या इतर स्टॉलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते आले तसे त्यांच्या मागे शंभर माणसं आली.

ताईनं नेहमीचा खेळ केला. धर, आणि लगेच सोड. टाळ्या पडल्या. साहेबांनी वाजवल्या नाहीत.

"हे छान आहे," ते म्हणाले. "पण मला एक सांगा. कंटेनरमध्ये लपलेला माणूस, बाहेर पावलं वाजली की काय करतो? श्वासच धरतो. तेव्हा तुमचं यंत्र मला म्हणणार, खोली रिकामी आहे."

"नाही, नाही. रेष मोठी करून पाहिली तर हृदयाचे ठोके दिसतात. करवतीच्या दातांसारखे, बारीक."

"दाखवा मग."

ठोके दिसायला श्वास बराच वेळ धरावा लागे, त्याशिवाय रेष निवळत नसे. हे तिला माहीत होतं, मुलीला माहीत होतं. साहेब तिच्याकडे बघत होते. त्यांचा सहायक हातात करार घेऊन मागे उभा होता.

"श्वास धर," ताई म्हणाली.

रेष आडवी पडली. मुलीनं ती मोठी केली. सपाट रेषेवर बारीक दात उगवले, एकामागून एक, घाईघाईचे.

"वा," साहेब पुढे वाकले. "वा! हा बघा, हा घाबरलाय."

लोक हसले. ताईच्या खिशातला फोन थरथरू लागला. तिनं काढून पाहिलं. भावजय.

"झालं, साहेब? सोडू?"

"थांबा हो." त्यांनी तिचं कोपर हळूच धरलं. "ठोके मंद झाले तरी सापडतो का, तेच तर बघायचंय. त्यावरच सगळा सौदा आहे."

दात विरळ होत चालले होते. फोन थांबला. पुन्हा थरथरू लागला.

तिच्या जिभेवर शब्द तयार होता. एवढासा शब्द. आत हाच तो भाऊ, लहानपणी याच्याच श्वासासाठी ती रात्र रात्र जागली होती. तिनं सहायकाच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. मग तिनं तोंड मिटलं.

एक दात. मग बऱ्याच अंतरावर आणखी एक.

मग काही नाही.

"उत्तम," साहेब सरळ झाले. "शेवटपर्यंत दाखवलं. घेतलं आम्ही."

"सोड," ताई म्हणाली.

रेष तशीच.

"सोड. अरे, सोड ना. सोड!"

हॉलमध्ये टाळ्यांचा नुसता कडकडाट चालला होता. फोन थरथरायचा थांबला होता. तो पुन्हा वाजला नाही.

आणि रेष हलली.

ताईच्या तोंडून हुंदका फुटला. जिवंत आहे. आहे, आहे, माझा भाऊ आहे. तिनं डोळे पुसून पडद्याकडे नीट पाहिलं. रेष भराभर वरखाली होत होती. श्वास, श्वास, श्वास. तिनं अडखळण्याची वाट पाहिली. पुन्हा पाहिली.

अडखळलेला श्वास आलाच नाही.

हा श्वास मोठा होता, स्वच्छ, धापा टाकणारा. भीतीनं तिचा स्वतःचा श्वास छातीत अडकला.

रेष सपाट झाली.

तिनं श्वास घेतला. रेष वर आली.

प्रोग्रामर मुलीनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा ताईच्या छातीकडे.

ताईनं माइक टाकून खोक्याकडे धाव घेतली आणि दार उघडलं. लंगड्या पायाचं स्टूल तेवढं होतं. मागे वळली तर माइक साहेबांच्या हातात. ते लहान मुलासारखे खूश झाले होते.

"माझा आवाज ऐकतो का तो?" त्यांनी विचारलं. "आता यंत्र आमचं. एकदा मी म्हणून बघू?"

ताई नको म्हणायला तोंड उघडत होती.

"धर," साहेब मऊ आवाजात म्हणाले.

लोक माना पुढे काढून बघू लागले. मुलीनं लॅपटॉप जवळ ओढला आणि बारीक दात सगळ्यांना नीट दिसावेत म्हणून रेष मोठी केली.