येते, आजी

नगरला सावेडीत त्या रात्री लाईट गेली तेव्हा माझं सगळं आवरून झालं होतं, पण उठून आत जायचंही बळ अंगात नव्हतं. बाळ नुकतंच मांडीवर झोपलं होतं. माझा दीर ओंकार आणि नणंद मोनिका पायरीवर बसून आण्णांच्या मागं लागले, काहीतरी सांगा म्हणून. गोरक्षनाथ आण्णा माझे चुलतसासरे. तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. बोलतात हळू, लांबून गाडी घेऊन आल्यासारखे.

"गोष्ट न्हाई," ते म्हणाले. "अंगदची हकिकत हाय. त्यानं मला सांगितली, तशी तुमाला सांगतो."

अंगद त्यांच्या गावाकडचा, पाथर्डीच्या पुढचा. भाड्यानं जीप चालवतो. परदेशातली कॉलेजची चार पोरं पुण्यात मराठी शिकायला आली होती. शेवटचा महिना त्यांना खेड्यात काढायचा होता, एकेकानं एकेका गावात, एकेका घरी. रविवारी अंगद चौघांना गोळा करून फिरवायचा. शनिशिंगणापूरची बिनदाराची घरं दाखवली. कोपरगावकडं साखर कारखान्यावर नेलं, तर उसाच्या गाड्या बघत पोरं दुपारभर तिथंच उभी.

त्यातली एक हाना. युरोपातल्या कुठल्यातरी थंड देशातली, आण्णांना देशाचं नाव नीट घेता येईना. ती अंगदच्याच गावात केशरबाईकडं राहायची. तिच्या नावावरून गाव हसायचं. केशरबाईनं अंगणातून "ए हाना" अशी हाक मारली की शेजारचा माणूस विचारायचा, "कुनाला हानू?"

ओंकार हसला. आण्णा हसले नाहीत.

दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मागं राहतात कुलपं आणि म्हातारी माणसं. हाना रोज दुपारी वही घेऊन म्हाताऱ्यांकडं जायची, जुने शब्द लिहून घ्यायला. केशरबाईला कौतुक होतं. पोरगी कुणाच्या घरी बसते, काय खाते, हे तिनं फार विचारलं नाही. तिच्या मागं तिचीच कामं होती.

गेल्या वर्षीची नऊ जानेवारी. गुरुवार. अमावस्या नव्हती, दशमीचं चांदणं होतं, हे आण्णांनी मुद्दाम सांगितलं. बाकीच्या तिघांना घेऊन अंगद संध्याकाळी पाच वाजता केशरबाईच्या दारात आला. पहाटे मुंबईहून विमान होतं. तिकडं मायदेशी हानाची आई तिला घ्यायला येणार होती. वर्षभर लेकीला बघितलं नव्हतं तिनं.

सामान चढवलं आणि निघाले. गावाबाहेरच्या ओढ्यापाशी हानाला थंडी वाजून आली. दात वाजायला लागले. अंगदनं कपाळाला हात लावला तर नुसता तवा. गाडी वळवून परत आणली, तर केशरबाईच्या दारात ताप उतरलेला. चहा पाजला, गोळी दिली, तासभर पडू दिलं, मग पुन्हा निघाले. पुन्हा ओढा, पुन्हा तेच. या वेळी ती बरळायला लागली, आणि तेही मराठीत. "आले आजी, आले."

परत आले तेव्हा पावणेआठ झाले होते. अंगद पहाटेपासून गाडीवर होता, त्याचे डोळे मिटत होते. आठाच्या पुढं गेलं तर विमान गेलंच म्हणून समजा, असं तो म्हणाला. केशरबाईनं हानाला विचारलं, कुठली आजी? हानानं वही उघडून दाखवली. पंधरा दिवस ती रोज गल्लीच्या टोकाच्या घरी जात होती. रंगुबाईकडं.

केशरबाईनं वही मिटून बाजूला ठेवली. तिला वाटायचं पोरगी गल्लीतल्या म्हाताऱ्या मालनबाईकडं जाते. रंगुबाई आदल्या वर्षीच्या पौषातच वारली होती. एकटीच होती घरात. लेक आणि सून कोपरगावकडं ऊस तोडत होते. निघताना लेक "येतो, आई" म्हणून गेला होता. आला तो तिसऱ्या दिवशी, लोकांनी सगळं उरकल्यावर. तेव्हापासून त्या घराला कुलूप.

"निघताना काय म्हनायचीस तिला?" केशरबाईनं विचारलं.

"येते, आजी. तुम्हीच शिकवलं, मावशी. जाते म्हणायचं नाही."

"आजबी तेच?"

"हो."

"अन ती?"

"ती म्हणाली, ये. वाट बघते."

इथं आण्णा थांबले. मोनिका माझ्याजवळ सरकली. मी बाळावर पदर ओढला.

केशरबाईनं गल्लीच्या टोकाकडं बघितलं. मग म्हणाली, "तिच्या दारात जा, पोरी. जाते म्हन."

"पण माणसाला असं म्हणत नाहीत ना, मावशी?"

केशरबाईनं नुसता गल्लीकडं हात केला.

तेवढ्यात हानाचा फोन वाजला. तिची आई. हाना फोनकडं बघत राहिली. उचलला नाही. वाजून वाजून तो बंद झाला तेव्हा ती उठली.

अंगदनं जीप गल्लीच्या टोकाला नेली. लाईट दारावर पडला. दाराला कुलूप. गंजलेलं. कडीवर कोळ्याचं जाळं. अंगद गाडीतच बसून राहिला. इंजिन चालू ठेवलं.

हाना पायऱ्या चढली.

"आजी."

काही नाही.

मग आतून आवाज आला. थप... थप... थप... घाई नसल्यासारखा. अंगदला वाटलं इंजिनचा असेल. त्यानं इंजिन बंद केलं.

थप... थप...

"आजी, मी..." हाना थांबली. "मी जाते."

आवाज थांबला.

कुत्रंसुद्धा ओरडत नव्हतं. हाना वळली. एक पायरी उतरली. दुसरी उतरली. तिची ओढणी मागं ताणली गेली. अंगदनं डोळ्यांनी बघितली. सरळ. दाराच्या फटीपर्यंत. वारा नव्हता.

हानानं मागं बघितलं नाही. ती रडत होती.

"जाते, आजी."

...

"जाते."

ओढणी सुटली.

ओढा आला. अंगदनं श्वास रोखला. ओढा गेला. हानाला काही झालं नाही. करंजी घाट गेला, तोवर ती बाकीच्यांसारखी झोपली होती. नगरच्या अलीकडं एका पंपावर डिझेलला थांबले तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते. उजेडानं हाना जागी झाली. ओढणी सारखी करताना तिच्या हाताला टोकाशी गाठ लागली. म्हाताऱ्या बाया पदराला मारतात तशी, घट्ट. तिला सुटेना. अंगदनं दातानं सोडवली.

आत बाजरीच्या भाकरीचा चतकोर होता.

आण्णा पायरीवरून उठले. ते चपला शोधत म्हणाले, "अंगदनं हातात घेऊन बघितला. ऊन हुता अजून."