उजव्या दारावरचं पान

जरा पुढे सरका, आणि मध्ये बोलू नका. ही कुठे वाचलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली, तो धाकटा रंगारी माझ्या मागच्या गल्लीत राहतो. आत्ता हाक मारली तर ओ देईल.

दोघे भाऊ. आपल्या दुकानात लाकडी कपाटांवर, पेट्यांवर हाताने वेलबुट्टी काढायचे. दोन दारांचं कपाट आलं की दारं उतरवून दोन टेबलांवर ठेवायची. उजवं मोठ्याचं, डावं धाकट्याचं. पाठीला पाठ करून बसायचं, मागे वळून बघायचं नाही. एक फूल झालं की कुंचल्याचा दांडा टेबलावर दोनदा वाजवायचा. टक टक. दुसऱ्याने तसंच उत्तर दिलं की मग पुढचं फूल. दारं बसवली की मधोमध वेलीला वेल अशी मिळायची, की केसाचाही फरक नाही.

भांडायचेही कडाकडा. पण मोठ्याचा नियम होता, "रंग ओला आहे तोवर भांड. वाळला की संपलं."

एकदा मात्र मोठ्याने गिऱ्हाइकासमोर धाकट्याचं एक पान पुसलं आणि स्वतः काढून दाखवलं. धाकट्याच्या नाकावर राग तर कायमचाच! त्याच दुपारी दोघे मोठ्याच्या मुलीच्या नव्या घराचं कपाट रंगवायला बसले. मोठ्याचं फूल झालं. टक टक. धाकट्याने उत्तर दिलं नाही. उठला, चपला घातल्या, चालू पडला.

आठ महिने अबोला. मोठ्याने आपलं दार एकट्याने पुरं केलं, आणि एक दिवस दुकानातच, बसल्या जागी गेला. धाकट्याला शेवटचं बोलताही आलं नाही. ते त्याला आतून खात होतं, मला ठाऊक आहे.

मग पुतणी आली. "काका, बाबांचं दार झालंय. तुमचं तेवढं करा. शुक्रवारी सकाळी टेम्पो येईल."

नाही कसं म्हणणार? भावाची माफी मागायची तेवढीच एक वाट उरली होती.

गुरुवार, नोव्हेंबरची बारा तारीख. रात्री पावणेदोनला त्याचं शेवटचं फूल झालं. दारं शेजारी ठेवून बघतो, तर वेल जुळेना. बोटभर खाली आलेली. चूक त्याचीच. भावाच्या टकटकीशिवाय त्याने कधी वेल काढलीच नव्हती. पण कबूल कोण करणार? त्याने पॉलिशपेपर उचलला आणि मोठ्याचं शेवटचं पान घासून टाकलं.

"झाली फिटंफाट, दादा," म्हणाला.

ते दार त्याने मोठ्याच्या टेबलावर ठेवलं. नवं पान काढायचं म्हणून आपल्या टेबलाशी येऊन हिरवा रंग कालवायला बसला. पाठ मोठ्याच्या टेबलाकडे.

टक टक.

उंदीर असेल.

टक टक.

दुकानाला आतून कडी होती. कडी लावली होती त्यानेच. बाहेर पडायचं तर मागे वळायला हवं...

"दादा?"



मागच्या खेपेला हाच आवाज ऐकून तो उठून गेला होता. या खेपेला तो जागचा उठला नाही. मग त्याने कुंचला उलटा धरला.

टक टक.



आणि मग मागे... लाकडावर ओला कुंचला फिरल्याचा आवाज. सावकाश. थांबत थांबत.

"दादा, चुकलं माझं."

कुंचला थांबला.

उत्तर आलं नाही. पुन्हा काही वाजलंही नाही. तो तसाच बसून राहिला. उजाडलं, बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला, तेव्हा वळला. कोणी नव्हतं. कडी तशीच. आणि घासलेल्या जागी पान होतं. बोटभर खाली वाकलेलं. दारं जोडली, तर ते धाकट्याच्या चुकलेल्या वेलीला नेमकं येऊन मिळालेलं.

रंग ओला होता. "सांभाळून न्या," तो टेम्पोवाल्याला म्हणाला, "दोन दिवसांत वाळेल."

याला तीन वर्षं झाली. धाकटा दर रविवारी पुतणीकडे जातो आणि चपला काढल्या काढल्या आधी कपाटाशी जातो. गेल्या रविवारी मीही बरोबर होतो. त्याने त्या पानावर बोट टेकवलं आणि माझ्यापुढे धरलं.

बोट हिरवं झालं होतं.