काढलेली दारं

अडुसष्ट सालच्या मार्चमध्ये आम्ही पश्चिम बर्लिनमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराची आतली सगळी दारं काढली. बंद दार म्हणजे सुखवस्तू लोकांची खोड, असं आमच्या कम्यूनमध्ये ठरलं होतं. कम्यून म्हणजे मी, डेटलेफ आणि वीब्के. किती तरुण होतो आम्ही! दारं तळघरात नेऊन रचली, तो बिजागऱ्यांच्या तेलाचा वास मला अजून आठवतो.

घर वीब्केच्या वडिलांचं. बेचाळीस साली, ज्यूंना ट्रकमधून नेत होते तेव्हा, ते त्यांना सामानासकट मिळालं होतं. कोणाचं सामान, हे ते कधी बोलले नाहीत. बायको गेल्यावर ते दुसरीकडे राहायला गेले. विद्यापीठातल्या सभेत वीब्केला या घरातून नेलेल्यांची नावं वाचायची होती.

रविवारी दुपारी कॉफीच्या वेळेला ते खसखशीचा केक घेऊन आले. रिकाम्या चौकटी पाहून थबकले.

"दारं?"

"तळघरात," डेटलेफ म्हणाला. "संडासाचंही. बसल्यावर शिट्टी वाजवत राहा, लोहमायरसाहेब."

ते हसले नाहीत. आठ खुर्च्यांच्या जुन्या टेबलाशी आम्ही चौघं बसलो.

"बाबा, इथे आधी कोण राहायचं?"

"घर रिकामं होतं."

"आणि ही कपबशी? झाडाला लागली होती?"

"वीब्के, केक घे."

तेवढ्यात मागच्या खोलीकडून टकटक झाली. लाकडावर, बोटाच्या पेराने, तीनदा, अदबीने. आम्ही वळून पाहिलं. चौकटीत नुसतं ऊन होतं.

"आत या, उघडंच आहे!" वीब्के सवयीने ओरडली.

वडिलांच्या हातातला काटा पडला.

"सव्वीस वर्षं, इथे असलो की ही टकटक ऐकतो," ते म्हणाले. "एकदाही 'आत या' म्हटलं नाही मी."

ते उठून भिंतीशी उभे राहिले. डेटलेफ हसणार होता. पण समोरच्या खुर्चीचा वेत करकरला. मग शेजारच्या. मग आणखी दोन.

आम्हीही उठलो.

"कोण आहेत, बाबा?" वीब्केचा आवाज उतरला होता. "आता तरी सांगा."

"कॉफी तिघांनाच ओत," ते म्हणाले. "धाकटीला दूध. ती खिडकीजवळ बसते."

तिने दूध ओतलं. साखरदाणी घेऊन ती खिडकीजवळच्या खुर्चीशी वाकली. "किती चमचे?" तिने हळूच विचारलं आणि कान दिला.

मग तिने दोन चमचे साखर घातली.