बांधाकडच्या आठ ओळी

तुरीच्या पिवळ्या फुलांवर सकाळचं कोवळं ऊन, मागे स्वच्छ आभाळ, कॅमेरा सुरू… आणि नेमकी तेव्हाच एक मोटारसायकल फटफटत मध्ये आली. मागे बांधलेल्या निळ्या कॅनमधून असा काही वास सुटला होता, की कॅमेरामन शांतलिंगने नाकाला रुमाल लावला.

"अहो थांबा! शूटिंग चाललंय, दिसत नाही का?" पौर्णिमा ओरडली.

"दिसतंय की," तो गाडीवरून उतरत म्हणाला. "पण रान आमचंच हाय. म्हणलं, बघावं तरी कोण आलंय."

हा राजपाल. बेंबळीच्या सेंद्रिय शेतकरी गटाचा सचिव. त्यालाच भेटायला ती पुण्याहून आली होती, आणि तोच पाऊण तास उशिरा उगवला होता. कॅनमध्ये दशपर्णी अर्क होता, म्हणजे दहा झाडांचा पाला महिनाभर कुजवून केलेलं औषध.

"तुमची वाट बघून शेवटी आम्हीच जागा निवडली," ती म्हणाली. "काय तूर आहे हो ही! डोक्याएवढी!"

"ती व्हय? ती तर—"

"एक मिनिट. कॅमेरा चालू असताना मध्ये बोलायचं नाही. मी विचारीन तेव्हाच बोला."

"बरं," म्हणून तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, हे तिला दिसलं आणि उगाचच आणखी राग आला.

रागाला कारणही होतं म्हणा. सेंद्रिय अन्नावरच्या माहितीपटाची नमुन्याची दहा मिनिटं सोमवारी पुण्यात दाखवायची होती. ती पसंत पडली तरच पूर्ण माहितीपट तिच्या हाती येणार होता. चार वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबल्यावर मिळालेली ही पहिली संधी. आणि समोर हा माणूस!

"सेंद्रिय अन्न म्हणजे काय?" असं विचारलं, तर अर्धं मिनिट आभाळाकडे बघून म्हणाला, "कष्ट." साधं चालून दाखवा म्हटलं, तर कवायतीला निघाल्यासारखा चालला. 'हे अन्न म्हणजे अमृत' एवढं एक वाक्य म्हणायला सांगितलं, तर म्हणे, "अमृत कशाला म्हणू? तूर हाय ती."

पौर्णिमाने कपाळावर हात मारून घेतला. पण ऊन चढलं की हाच माणूस मुकाट्याने छत्री घेऊन उभा राहायचा. छत्री कॅमेऱ्यावर धरायची होती. सावली मात्र दर वेळी तिच्यावरच पडायची.

"छत्री तिकडे धरा ना!"

"तिकडंच हाय की…"

शांतलिंग गालातल्या गालात हसायचा. दुपारी राजपालची आई मथुराबाई धपाटे आणि दही घेऊन यायची आणि म्हणायची, "खा गं बाई पोटभर. ह्याच्यावर वरडायला ताकद लागती."

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, एकच वाक्य उरलं होतं. पौर्णिमाने राजपालला त्या डोक्याएवढ्या तुरीत उभं केलं. "म्हणा, ही आमची सेंद्रिय तूर."

त्याने नकारार्थी मान हलवली.

"राजपाल, प्लीज. चारच शब्द आहेत."

"ते म्हणता येणार न्हाय. ही सेंद्रिय न्हायच."

"काय?"

"ह्या बांधाकडच्या आठ ओळी. शेजारच्या बब्रुवानकाकांचा फवारा वाऱ्यानं हिकडं येतो, त्यांच्या खताचं पाणीबी हिकडंच झिरपतं. म्हणून ह्या ओळी आमी येगळ्या काढतो, साध्या तुरीच्या भावानं विकतो. आमची सेंद्रिय ती तिकडं आत."

तिने आत बघितलं. कमरेएवढी, विरळ, पानांना भोकं पडलेली तूर.

"तीन दिवस!" तिचा आवाज फाटला. "तीन दिवस मी खोटं पीक चित्रित करतेय आणि तुम्ही छत्री धरून उभे?"

"तुम्हीच म्हणला, कॅमेरा चालू असताना बोलायचं न्हाय."

"कॅमेरा काय चोवीस तास चालू होता?"

तो चपलेने ढेकूळ फोडत राहिला.

"म्याडम, पुण्यात कुणाला कळतंय?" शांतलिंग हळूच म्हणाला. "हिरवंगार दिसतंय, राहू द्या."

मोह तिलाही झाला. खोटं कशाला बोला, फारच झाला. ती बांधावर मटकन बसली. राजपालने पिशवीतून एक वही काढली आणि तिच्यापुढे धरली. गटातला प्रत्येक शेतकरी अशी वही ठेवतो. कोणत्या दिवशी काय फवारलं, कोण रानात आलं, सगळं त्यात लिहायचं. वर्षातून एकदा तपासनीस येऊन ते वाचतो, आणि खोटं सापडलं तर अख्ख्या गटाचा सेंद्रिय असल्याचा दाखला जातो.

पौर्णिमाने बुधवारचं पान वाचलं. 'पुण्याच्या पौर्णिमाबाई शूटिंगला आल्या. बांधाकडच्या ओळी सेंद्रिय नाहीत हे त्यांना सांगितले नाही. मुद्दाम. सांगितले असते तर काम एका दिवसात उरकून गेल्या असत्या.'

तिने ते दोनदा वाचलं. कानाच्या पाळ्या तापल्या.

"हे… हे तपासनीस वाचणार?"

"एकेक ओळ वाचतो तो."

"अहो, मग लिहिलंत कशाला?"

"वहीत खोटं लिहिता येत न्हाय."

अशा माणसाचं करायचं तरी काय! तिने डोळे पुसले, ते रागाने ओले झाले होते की कशाने, कोण जाणे. मग ताडकन उठली. "शांतलिंग, कॅमेरा आत घे. त्या विरळ तुरीत. नापसंत झालं तर होऊ दे, पण दाखवीन ते खरं दाखवीन."

राजपाल विरळ तुरीत उभा राहिला आणि पहिल्यांदाच नीट बोलला. बांधाबद्दल, आठ ओळींबद्दल, अळीने खाल्लेल्या पानांबद्दल. कानाला हेडफोन लावून पौर्णिमा ऐकत राहिली. तीन दिवस जे शोधत होती, ते हेच होतं.

"आणि तुम्ही हे तीन दिवस लपवलंत," ती म्हणाली. "का?"

"कॅमेरा बंद करा, मग सांगतो."

"चालूच राहील."

त्याने भिंगाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तुम्ही आवडला… म्हणून," तो पुटपुटला.

"म्याडम, वारा लागला माईकला," शांतलिंग म्हणाला. "परत घ्यायचं का?"

"नको. मला स्पष्ट ऐकू आलंय." तिने हेडफोन काढले. "राजपाल, इतका वैताग मला आयुष्यात कुणी दिलेला नाही. आणि तरीही आवडता तुम्ही मला. याचाच तर सगळ्यात जास्त राग येतोय!"

राजपालच्या डाव्या गालाला पुन्हा खळी पडली.

"ही तूर काढणीला कधी येते?" तिने विचारलं.

"जानेवारीत."

"मग पुण्यात काहीही होवो, जानेवारीत मी येणार."

"आन् त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर पेरणी असतेच की."